बरोबरी पुरेशी होती

एप्रिलमधला दुसरा गुरुवार. निकाल एक-शून्य, आमच्या विरुद्ध. गोल जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला झाला. त्या वेळी बाकावर हजर होते ते असे: प्रशिक्षक मुश्ताक परकार, संघाचा व्यवस्थापक म्हणून मी, आणि चार राखीव खेळाडू. मागच्या पायऱ्यांवर कॉलेजच्या विद्यार्थी विभागाचे प्रमुख डॉ. सालिम बसले होते. या सगळ्यांत मराठी समजणारे फक्त आम्ही दोघं, परकार आणि मी.

मी मस्कतमधल्या एका खासगी कॉलेजच्या हिशेब विभागात आहे. फुटबॉलचं मला फारसं कळत नाही. वेळेवर येतो आणि पाण्याच्या बाटल्यांची बिलं जपून ठेवतो, एवढ्यावर मला व्यवस्थापक केलं होतं. सामना संपल्यावर डॉ. सालिम खाली आले आणि मला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर सबनीस, या हंगामात एका गोलाने हरलेला हा तिसरा सामना. मला एवढंच हवं आहे, चूक खेळाडूची की निर्णय प्रशिक्षकाचा. तुम्ही बाकावर होता. एक पान लिहा. रविवारी सकाळी द्या."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. पण त्या एका पानाचा अर्थ मला तिथेच कळला होता. चूक खेळाडूची ठरली तर आमचा गोलरक्षक हैथम याची खेळाडू म्हणून माफ असलेली फी बंद होणार होती. तो सूर या बंदरगावचा, घरचं बेताचं. फी भरावी लागली असती तर त्याला कॉलेज सोडून गावी जावं लागलं असतं. निर्णय प्रशिक्षकाचा ठरला तर जूनअखेर संपणारा परकारांचा करार पुढे चालू राहणार नव्हता. करार नाही म्हणजे व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे इथलं बिऱ्हाड नाही. दोघांपैकी एकाने जायचं होतं.

मी काय लिहिलं ते सांगण्याआधी परकार कसे होते ते सांगायला हवं.

ते दाभोळ खाडीच्या काठच्या गावचे. कोकणी मुसलमान, वय सत्तावन्न, अंगाने बारीक, उजव्या पायाने लंगडणारे, डोक्यावर कायम एक फिकट निळी टोपी. ओमानी पोरं त्यांना उस्ताद म्हणत, केरळची पोरं कोच सर म्हणत, मी परकार सर म्हणायचो. ते मला सबनीससाहेब म्हणत. पोरांशी बोलताना अरबी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात यायचं: "यल्ला शबाब, जल्दी, लेफ्ट साइड ओपन है." माझ्याशी मात्र शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायचे. फक्त जीव घाबरा झाला की त्यांची घरची बोली वर यायची. 'मला'चं 'मना' व्हायचं, 'झालं'चं 'झाला'. बाकावर शेजारी बसून मला त्यांच्या भाषेवरून सामना कसा चालला आहे ते कळायचं, मैदानाकडे बघायची गरज पडायची नाही.

आणि जीव तर त्यांचा कायमच घाबरा. सामन्याच्या दिवशी दुपारपासून जेवण बंद. त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण द्यायच्या आणि तो डबा बसच्या ड्रायव्हरच्या पोटात जायचा. भाभी मला एकदा रुवीच्या भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या संघाचा ड्रायव्हर काय जाडा झालाय हो."

पेनल्टी त्यांना बघवत नसे. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं यांना चक्कर येतेय. आम्हाला पेनल्टी मिळाली, आमचा मुलगा चेंडू ठेवत होता, आणि हे उठून मैदानाकडे पाठ करून पाण्याच्या टँकरकडे तोंड करून उभे राहिले.

"सबनीससाहेब, मारला?"

"मारला."

"गेला?"

"गेला."

"अहो, कुठे गेला? जाळ्यात की डोंगरात?"

"जाळ्यात."

मग वळले आणि पोरांना ओरडून म्हणाले, "बरोबर, असाच मारायचा." जणू सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्या संघात पाहिली नाही. सामना संपला की पोरं बसमध्ये बसायची. बस सुरू होण्याआधी परकार ड्रायव्हरकडे पाठ करून, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून उभे राहायचे आणि आपल्या चुका सांगायचे. फक्त आपल्या. "खालिदला मी उशिरा बाहेर काढला. उजवीकडे माणूस कमी ठेवला. वारा समुद्राकडून होता, मी नाणेफेकीला ते सांगितलं नाही." मग म्हणायचे, "खलास. आता घरी." खेळाडूने दुसऱ्याची चूक काढायची नाही, आपलीही काढायची नाही. आठवडाभर विचार करायचा आणि पुढच्या सरावात पायाने सांगायचं.

जिंकल्यावरही हेच. चार-शून्य जिंकलो त्या दिवशीही त्यांना दोन चुका सापडल्या होत्या.

मला ही पद्धत पटत नव्हती. मी हिशेबाचा माणूस. प्रत्येक खर्च ज्याच्या त्याच्या खात्यावर गेला पाहिजे असं मला वाटतं. एकदा सरावानंतर करक, म्हणजे कडक दुधाचा चहा घेता घेता मी त्यांना म्हणालो, "परकार सर, सगळ्या चुका तुम्ही आपल्या नावावर टाकता. मग ज्याने मोकळ्या जाळ्यासमोर चेंडू बाहेर मारला त्याला त्याची चूक कळणार कशी?"

"त्याला माझ्याआधी कळलेली असते. पाय त्याचा आहे ना."

"पण खरं काय ते खरं. त्याने मारला."

"तिथे त्याला उभा कोणी केला? मी. दमलेला असून ठेवला कोणी? मी."

"असं मागे मागे जायचं म्हटलं तर तुम्हाला नेमणाऱ्या प्राचार्यांपर्यंत जाता येईल."

ते हसले. चहाचा कागदी कप हातात चुरगळत म्हणाले, "हे बघा, पाच-शून्य हरलो तर सांगता येतं कोण चुकला ते. कधी कधी सगळेच. पण एका गोलाचा सामना असला की काही वेगळं काढता येत नाही. त्याची चूक माझ्या निर्णयात अडकलेली असते, माझा निर्णय त्याच्या चुकीत. ओढून काढायला गेलं तर कोणाचं तरी कातडं निघतं. मग पगार ज्याला आहे त्याने घ्यावी. पोरांना पगार नाही."

हे मला तेव्हाही पूर्ण पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. मोकळ्या जाळ्यासमोरून चेंडू बाहेर जाणं ही चूकच असते.

आता आदल्या वर्षीची एक गोष्ट, कारण त्या गुरुवारचं मूळ तिथे आहे. आदल्या वर्षी गटातल्या शेवटच्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरेशी होती. परकारांनी मध्यंतरात पोरांना तसं सांगितलं. पोरं जी मागे सरकली ती आपल्या गोलपुढे भिंत करून उभीच राहिली. वीस मिनिटं चेंडू आमच्याच अंगावर येत राहिला आणि शेवटी एक आत गेलाच. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी एकच चूक सांगितली: "बरोबरी चालेल असं मी तुम्हाला सांगितलं." नंतर मला म्हणाले, "परत कधी सांगणार नाही, सबनीससाहेब. पोरांना एकदा 'पुरे' म्हटलं की पाय थांबतात."

यंदाच्या गुरुवारी पुन्हा तोच पेच आला. आमच्या गटातला दुसरा सामना दुसऱ्या मैदानावर तासभर आधी सुरू झाला होता. पोरांचे मोबाइल सामन्याआधी एका कापडी पिशवीत जमा व्हायचे आणि ती पिशवी माझ्या पायाशी असायची. त्यामुळे त्या सामन्याचा निकाल बाकावर फक्त माझ्या मोबाइलवर आला. मध्यंतर संपून पोरं नुकतीच परत मैदानात गेली होती. मी गुण मांडले, गोलफरक पाहिला, पुन्हा एकदा मांडले आणि मराठीत सांगितलं, "परकार सर, त्यांची बरोबरी झाली. आपण शून्य-शून्य राहिलो तरी उपान्त्य फेरीत जातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नक्की?"

"दोनदा मांडलं."

"पोरांना बोलू नका."

"परकार सर, ती पोरं जिंकायलाच हवं असं समजून खेळतायत."

"खेळू देत. गेल्या वर्षी सांगून काय झालं?"

शेजारी चार राखीव खेळाडू बसलेले. आम्ही जेवणाबद्दल बोलतोय की पावसाबद्दल, त्यांना पत्ता नव्हता. बाकावरची खासगी बोलणी आम्ही नेहमीच अशी मराठीत उरकायचो. सोय होती.

वेळ चालला होता. ऊन कलून मैदानामागचे तपकिरी डोंगर तांबूस झाले. शून्य-शून्य. आमची पोरं पुढे पुढे धावत होती आणि मागे जागा मोकळी पडत होती. परकारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. पाच मिनिटं उरली तेव्हा मी पुन्हा म्हणालो, "आता तरी सांगू या. शेवटचंच आहे."

"मना दोन मिनिटं द्या."

'मना' ऐकलं आणि मी घड्याळ बघितलं.

दोन मिनिटं गेली. ते उठले, परत बसले. "सांगला तर थांबतील, नाय सांगला तर फुटतील," असं स्वतःशीच म्हणाले. निर्णय होत नव्हता. पंचांनी जादा तीन मिनिटं दाखवली. तिसऱ्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला.

आणि हैथम आपलं गोल सोडून धावत निघाला. सहा फूट उंच पोरगा, डोक्याने गोल मारायला. जिंकायलाच हवं असेल तर शेवटच्या कॉर्नरला गोलरक्षक पुढे जातो, तसा तो निघाला. त्याच्या समजुतीप्रमाणे त्याचं बरोबर होतं.

परकार बाकावरून उडालेच. लंगडत रेषेपर्यंत धावले, दोन्ही हात डोक्यावर हलवत ओरडले, "मागारी फिर! अरे मागारी फिर रे, हैथम!"

अरबी येणारा, हिंदी येणारा, इंग्रजी येणारा हा माणूस. त्या क्षणी त्याच्या तोंडात फक्त दाभोळची भाषा उरली. हैथमने धावता धावता आमच्याकडे पाहिलं. उस्ताद हात हलवून ओरडतायत, म्हणजे 'जा जा' म्हणतायत, असं त्याला वाटलं असणार. त्याने अंगठा दाखवला आणि आणखी जोरात धावला.

कॉर्नर त्यांच्या बचाव करणाऱ्याने डोक्याने लांब काढला. त्यांचा एक मुलगा मध्यरेषेजवळून एकटाच निघाला. समोर गोलात कोणी नव्हतं. घाई न करता गेला आणि चेंडू हलकेच आत ढकलला.

त्या दिवशी बसमध्ये परकार नेहमीसारखे दांडा धरून उभे राहिले. हैथम शेवटच्या सीटवर चेहऱ्यावर टॉवेल टाकून बसला होता. परकारांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पहिल्यांदाच काही न बोलता खाली बसले. बस निघाली.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या घरी आले. आमच्या ओळखीच्या सहा वर्षांत ते न कळवता असे पहिल्यांदाच आले होते. माझ्या बायकोने, सुनंदाने, चहा ठेवला. परकार सोफ्याच्या अगदी कडेवर बसले.

"डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला लिहायला सांगितलंय म्हणे."

"हो."

"मग लिहा की परकारांनी त्याला पुढे बोलावलं. हात हलवले ते डॉक्टरसाहेबांनी बघितलंच आहे. पायऱ्यांवरून तसंच दिसलं असणार. कोणी विचारणार नाही."

"पण तुम्ही बोलावलं नाही. परत फिर म्हणालात."

"ते कोणाला कळलं? तुम्हाला एकट्याला."

"तेवढं पुरे आहे. जे झालं नाही ते माझ्या सहीने मी लिहिणार नाही, परकार सर."

ते मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "मग खरं लिहा. उस्तादने परत बोलावला तरी पोरगा गेला. बरोबर ना? सही करा खाली. पुढच्या महिन्यात तो सूरला बापाच्या बोटीवर. तुमचा कागद एकदम स्वच्छ."

स्वयंपाकघरातून सुनंदा बाहेर आली. चहा ठेवत म्हणाली, "परकारभाई, आधी चहा घ्या. आणि मुलीचं काय? शबाना आत्ताच अकरावीत गेली ना? दोन वर्षं तरी इथे राहायला हवं तिला. त्याचा विचार केलात?"

"केला, वहिनी. कालपासून दुसरं काय करतोय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "जुबेदाने विचारलं, काय झाला, जेवत का नाय? मी म्हटलं, पोट बिघडलंय."

मी म्हणालो, "मी जे झालं ते सगळं लिहिणार आहे. बरोबरी पुरेशी आहे हे मी तुम्हाला कधी सांगितलं, तुम्ही पोरांना सांगायचं नाही असं का ठरवलं, आणि शेवटी काय ओरडलात, कुठल्या भाषेत. तुम्हाला चालेल?"

त्यांनी कप हातात घेतला. "त्यात हैथमची चूक दिसते?"

"नाही. त्याला माहितीच नव्हतं."

"माझी दिसते?"

"दिसते."

"मग चालेल." चहा एका दमात संपवला. "पण गेल्या वर्षीचंही लिहा. नाहीतर वाचणारा म्हणेल, परकार येडा होता."

मी गेल्या वर्षीचंही लिहिलं. पान सव्वा झालं. रविवारी सकाळी डॉ. सालिम यांनी ते माझ्यासमोर वाचलं, एकदा सरळ आणि एकदा शेवटून.

"म्हणजे गोलरक्षकाला बरोबरीचं ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"आणि ओरडणं त्याला समजलं नाही?"

"ती आमच्याकडची भाषा आहे. समजणं शक्य नव्हतं."

"सांगितलं असतं तर कदाचित तसेच हरले असते, गेल्या वर्षीसारखे."

"कदाचित."

ते सज्जन गृहस्थ होते. कागद खाली ठेवून म्हणाले, "मला या माणसाबद्दल वाईट वाटतं. पण मी जे विचारलं त्याचं उत्तर यात आहे."

हैथमची फी माफ राहिली. मेअखेर परकारांना पत्र मिळालं की करार पुढे चालू ठेवता येत नाही. ते पत्र त्यांनी मला दाखवलं नाही. माझ्या विभागाकडे प्रत आली म्हणून कळलं. राहिलेले आठवडे ते रोज सरावाला वेळेवर येत राहिले. सामना एकही नव्हता, तरी त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी सामन्याच्या दिवसाचीच होती. आता ती भारतातल्या शाळांच्या प्रवेशाची, सामान पाठवण्याच्या खर्चाची, गावच्या घराच्या बंद खोल्यांची होती. मला भेटले की एखादा आकडा विचारत आणि दुसऱ्या दिवशी तोच परत विचारत. माझ्यावर रागावलेले मात्र कधी दिसले नाहीत. सुनंदाला ते खरं वाटत नाही. ती म्हणते, रागावले असते तर बरं झालं असतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ते अखेरचा हिशेब घ्यायला माझ्या टेबलाशी आले. डोक्यावर निळी टोपी नव्हती, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. बाहेर गाडीत जुबेदाभाभी आणि शबाना बसलेल्या काचेतून दिसत होत्या. मी कागद पुढे केला: सेवासमाप्तीची रक्कम, शिल्लक रजेचा पगार, मुंबईची एकेरी तीन तिकिटं. खाली भांडारवाल्याचा शेरा होता, एक चेंडू कमी.

"हा चेंडू मी बुडीत दाखवतो," मी म्हणालो. "भिंतीपलीकडच्या वादीत दरवर्षी दोन-तीन जातात. कोण उतरणार त्या कोरड्या नदीत."

"नको. कापा."

"परकार सर, अडीच रियालचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतो, कापा. तो चेंडू मी घालवला. माझ्याच पायाने गेला भिंतीवरून."

त्यांचा उजवा गुडघा कित्येक वर्षांपासून नीट वाकत नव्हता. त्यांनी चेंडूला लाथ मारलेली मी कधी पाहिली नव्हती, कोणीच पाहिली नसेल. ते पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत उभे होते. मी कागदावर दुरुस्ती केली, त्यांनी सही केली, आणि ते लंगडत गाडीकडे गेले.

अडीच रियाल वजा करून बाकीची सगळी रक्कम त्याच दुपारी मुश्ताक परकार यांच्या खात्यात जमा झाली.